विश्लेषण : ‘राष्ट्रीयीकरण करणार नाही’ अशी २५ वर्षांची हमी असताना बर्मा शेल सरकारी कशी झाली?

मुंबईत माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यात भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांचे दोन तेलशुद्धीकरण प्रकल्प आहेत. पहिल्याची क्षमता आज वर्षाला १२ दशलक्ष टन, दुसऱ्याची ९.५ दशलक्ष टन. दोन्ही सरकारी कंपन्यांचे म्हणून ओळखले जातात, पण यातला एकही सरकारने बांधलेला नाही. भारत पेट्रोलियमचा प्रकल्प उभारला ब्रिटिश-डच भांडवलाच्या बर्मा शेलने आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचा ‘स्टॅनव्हॅक’ या अमेरिकी कंपनीने. हीच पुढे भारतात एस्सो म्हणून ओळखली गेली.

२४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा शेलचा भारतातील सगळा व्यवसाय केंद्र सरकारच्या ताब्यात आला. या घटनेला २४ जानेवारी २०२६ रोजी ५० वर्षे पूर्ण झाली. राष्ट्रीयीकरण म्हटले की एका रात्रीत निघालेला अध्यादेश, दारावर लागलेले सील आणि चरफडत परत जाणारे परदेशी साहेब असे चित्र डोळ्यांसमोर येते. इथे तसे काहीच झाले नाही. उलट, या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण किमान २५ वर्षे करणार नाही अशी लेखी हमी भारत सरकारनेच दिली होती. ती मुदत संपायच्या आत कंपन्या सरकारी झाल्या, आणि तरीही ‘भारताने शब्द मोडला’ असा गवगवा झाला नाही. हे कसे जमले, हे पाहण्यासाठी १९५१ पर्यंत मागे जावे लागते.

हमी दिलीच का होती?

स्वातंत्र्यानंतर देशात आसाममधील दिग्बोई सोडले तर सांगण्यासारखा तेलशुद्धीकरण प्रकल्प नव्हता. पेट्रोल, डिझेल आणि मुख्य म्हणजे घरोघरच्या दिव्यांसाठी, स्टोव्हसाठी लागणारे घासलेट तयार स्वरूपात बाहेरून येई. ते आणणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या तीन : बर्मा शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स. त्यातही बर्मा शेलचा वाटा सर्वात मोठा.

तेल इथे आणून शुद्ध करा, असा सरकारचा आग्रह होता. सुरुवातीला कंपन्यांना त्यात रस नव्हता. इराणमधील अबादान इथे जगातील सर्वात मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालू असताना मुंबईत दुसरा कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. पण १९५१ मध्ये इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांनी अँग्लो-इराणियन या ब्रिटिश कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले आणि अबादान ठप्प झाले. सगळा माल एकाच ठिकाणी तयार करण्यातला धोका कंपन्यांना दिसला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर कारखाना असणे आता त्यांच्याही सोयीचे होते.

म्हणजे भारतातील हे दोन प्रकल्प एका अर्थाने दुसऱ्या देशातील राष्ट्रीयीकरणामुळे उभे राहिले. साहजिकच, कंपन्यांना सर्वात आधी हवी होती ती ‘इथे तसे होणार नाही’ याची खात्री. सरकारही अडचणीत होते. परकीय चलन कमी, तंत्रज्ञान शून्य. १९४८ च्या औद्योगिक धोरणानुसार खनिज तेलातील नवे प्रकल्प सरकारनेच काढायचे होते, पण काढणार कशाच्या जोरावर? पंतप्रधान नेहरूंनी एप्रिल १९४९ मध्येच संसदेत परकीय भांडवलाला आश्वासन दिले होते : भेदभाव होणार नाही, नफा मायदेशी नेता येईल आणि उद्योग ताब्यात घ्यावा लागलाच तर योग्य मोबदला मिळेल.

नोव्हेंबर १९५१ मध्ये स्टॅनव्हॅकशी, डिसेंबरमध्ये बर्मा शेलशी आणि मार्च १९५३ मध्ये कॅलटेक्सशी करार झाले. त्यात राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी तर होतीच, शिवाय कंपन्यांना उद्योग नियमन कायद्यातील काही तरतुदींतून सूट, आयात शुल्काचे संरक्षण आणि परकीय चलनाची सोय मिळाली. आणखी एक कलम होते. कच्चे तेल कुठून आणायचे, हे कंपनी ठरवणार. त्या वेळी हे कलम कोणाला फारसे खटकले नसावे. नंतरची पंचवीस वर्षे भांडण झाले ते मात्र यावरूनच.

स्टॅनव्हॅकचा प्रकल्प १९५४ मध्ये, बर्मा शेलचा १९५५ मध्ये आणि कॅलटेक्सचा विशाखापट्टणमला १९५७ मध्ये सुरू झाला.

मग बिनसले कुठे?

किमतीत. ट्रॉम्बेत शुद्ध झालेल्या तेलाचा दर इथल्या उत्पादन खर्चावर ठरत नसे. तोच माल आखाती देशातून तयार होऊन आला असता तर किती रुपयांना पडला असता, तेवढी त्याची किंमत. तिकडचा जाहीर दर, त्यावर जहाजाचे भाडे, विमा, कर आणि कंपनीचा मोबदला अशी ही बेरीज. याला आयात-समतुल्य दर म्हणतात. (नाव नवे वाटले तरी पद्धत इतिहासजमा झालेली नाही. देशातील इंधनाच्या दराची चर्चा आजही आखातातील दरापासूनच सुरू होते.)

दुसरा भाग कच्च्या तेलाचा. ट्रॉम्बेतील कंपनी कच्चे तेल विकत घेणार ते आपल्याच मूळ कंपनीच्या आखातातील शाखेकडून. म्हणजे विकणारा आणि घेणारा एकाच घरातले. दर कोणता? मूळ कंपनीने जाहीर केलेला, ज्याला ‘पोस्टेड प्राइस’ म्हणत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जगात तेलाचा सुकाळ होता आणि खुल्या बाजारात या जाहीर दरापेक्षा कमी भावाने तेल मिळत होते. भारतात मात्र ते पूर्ण दराने येत राहिले. भारतातील कंपनीचा नफा माफक दिसे, खरा नफा विहिरीच्या तोंडाशी जमा होई आणि त्यासाठी लागणारे डॉलर-पाऊंड भारत सरकारच्या तिजोरीतून जात. १९५८ नंतर तर परकीय चलनाची गंगाजळी आटत चाललेली होती.

सरकारने यावर समित्या नेमल्या. के. आर. दामले यांच्या समितीचा अहवाल १९६१ चा, त्यानंतर १९६५ मध्ये तालुकदार समिती, १९६९ मध्ये शांतिलाल शाह समिती. प्रत्येक समितीने कंपन्यांच्या दरातून थोडे थोडे कापले. पण समितीच्या अहवालापेक्षा जास्त परिणाम केला तो एका जहाजाने.

पीर पाऊच्या धक्क्यावर १७ ऑगस्ट १९६० रोजी काय आले?

केशवदेव मालवीय हे त्या वेळचे तेलमंत्री. परदेशी कंपन्यांवर अवलंबून राहायचे नाही, हा त्यांचा ध्यास होता. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजचे ओएनजीसी, आणि ३० जून १९५९ रोजी इंडियन ऑइल कंपनी स्थापन झाली ती या धोरणातून. इंडियन ऑइलकडे सुरुवातीला ना शुद्धीकरण प्रकल्प होता, ना पंप, ना गिऱ्हाईक.

१९६० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने भारताला कच्चे तेल देऊ केले. दर जाहीर दरापेक्षा बराच कमी आणि पैसे रुपयांत. परकीय चलन वाचणार, ही यातली मोठी गोष्ट. मालवीय यांनी तिन्ही कंपन्यांना विचारले : हे तेल तुमच्या प्रकल्पांत शुद्ध करून द्याल का?

तिघींनीही नकार दिला. करारात तसे कलम होते, तेल कुठून आणायचे ते आम्ही ठरवणार. प्रत्येक प्रकल्प ठरावीक प्रकारच्या कच्च्या तेलासाठी आखलेला असतो, हे खरे आहे. गंधक किती, तेल जड की हलके, यावर यंत्रणा ठरते. पण तेल मिसळून किंवा थोडे फेरफार करून बऱ्याचदा मार्ग निघतो. इथे अडचण यंत्रांची नसून हिशेबाची होती. रशियन तेल शुद्ध केले असते तर मूळ कंपन्यांच्या आखातातील तेवढ्या तेलाला गिऱ्हाईक राहिले नसते.

सरकारने करार मोडला नाही. त्याने दोन गोष्टी केल्या. एक, सोव्हिएत प्रस्तावाचा दाखला देऊन कंपन्यांकडे दरात सूट मागितली, आणि जी सूट शक्यच नाही असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते ती मिळाली. दोन, कच्च्या तेलाऐवजी तयार डिझेल आणि घासलेट सोव्हिएत संघाकडून घ्यायचे ठरवले, कारण तयार माल आणण्यावर कंपन्यांची मक्तेदारी आहे असे करारात कुठेही लिहिलेले नव्हते. १७ ऑगस्ट १९६० रोजी ‘उझगोरोद’ हे जहाज ११,३९० टन डिझेल घेऊन मुंबईत पीर पाऊच्या धक्क्याला लागले. हा धक्का ट्रॉम्बेतच, दोन्ही परदेशी प्रकल्पांच्या शेजारी.

११,३९० टन हा आकडा देशाच्या गरजेच्या मानाने चिमूटभर होता. पण ‘आमच्याशिवाय तेल येणार नाही’ हा कंपन्यांचा हुकमाचा एक्का त्या दिवशी गेला.

स्वस्त सोव्हिएत तेलाचा दबाव फक्त भारतात नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये बड्या कंपन्यांनी जाहीर दर घटवले, उत्पादक देशांचे उत्पन्न त्यामुळे घटले आणि पुढच्याच महिन्यात बगदादमध्ये ओपेकची स्थापना झाली. हा धागा पुढे १९७३ ला जाऊन भिडतो.

सरकारने तेव्हाच ताबा का घेतला नाही?

त्याच सुमारास क्युबात हेच घडत होते. फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने टेक्साको, एस्सो आणि शेल यांना सोव्हिएत तेल शुद्ध करायला सांगितले. कंपन्यांनी नकार दिला आणि २९ जून ते १ जुलै १९६० या तीन दिवसांत तिन्ही प्रकल्प सरकारने ताब्यात घेतले. पुढचा अमेरिकी कोंडमारा सर्वांना माहीत आहे.

शेजारच्या श्रीलंकेने, म्हणजे तेव्हाच्या सिलोनने, १९६२ मध्ये शेल, एस्सो आणि कॅलटेक्सच्या मालमत्तेचा काही भाग ताब्यात घेतला. मोबदल्यावरून घोळ झाला आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये अमेरिकेने तिची आर्थिक मदत थांबवली. १९६५ मध्ये नव्या सरकारला मोबदल्याचा करार करावा लागला. इराणची कथा तर त्याहून कठोर. राष्ट्रीयीकरणानंतर त्याचे तेल घ्यायला गिऱ्हाईकच मिळेना, ऑगस्ट १९५३ मध्ये मोसादेघ यांचे सरकार उलथवले गेले आणि १९५४ मध्ये परदेशी कंपन्यांचा गट पुन्हा इराणी तेलावर येऊन बसला.

१९६० चा भारत अमेरिकेच्या गव्हावर आणि जागतिक बँकेच्या कर्जावर चालला होता. शब्द मोडणे परवडणारे नव्हते. मालवीय तापट म्हणून ओळखले जात, पण दिल्लीतील धोरण सावध होते. करार पाळायचा, आणि करार ज्या गोष्टींबद्दल गप्प आहे तिथे जागा तयार करायची.

ती जागा भराभर वाढली. रुमानियाच्या मदतीने गुवाहाटी (१९६२), सोव्हिएत मदतीने बरौनी (१९६४) आणि कोयली (१९६५) असे सरकारी प्रकल्प उभे राहिले. अंकलेश्वरला १९६० मध्येच तेल सापडले होते, तेही ज्या भूमीत तेल असल्याबद्दल परदेशी जाणकार साशंक होते तिथे. जुन्या तीन कंपन्यांना आपले प्रकल्प वाढवायचे होते, तेव्हा परवानगीसाठी दिल्लीच्या दारात उभे राहण्याची पाळी आता त्यांची होती. सरकारने ती सहजी दिली नाही.

एक चाल विशेष होती. कोचीनच्या प्रकल्पासाठी सरकारने बड्या तिघांना सोडून फिलिप्स या तुलनेने छोट्या अमेरिकी कंपनीला १९६३ मध्ये भागीदार केले, आणि बहुमताचा हिस्सा स्वतःकडे ठेवला. पुढे मद्रासच्या प्रकल्पात अमेरिकेची अमोको आणि इराणची सरकारी तेल कंपनी प्रत्येकी १३ टक्क्यांवर आल्या, भारत सरकारचा हिस्सा ७४ टक्के. शंभर टक्के मालकीशिवाय परदेशी कंपनी येणारच नाही, हा युक्तिवाद दुसऱ्या परदेशी कंपन्यांनीच खोटा ठरवला.

मालवीय मात्र हे सगळे मंत्रिपदावरून पाहू शकले नाहीत. एका खाणमालकाकडून आलेल्या निवडणूक निधीच्या वादात १९६३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

‘शिळा होत जाणारा सौदा’ म्हणजे काय?

हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सॉव्हरिन्टी अॅट बे’ या पुस्तकात अशा घडामोडींना एक नाव दिले. मराठीत त्याला शिळा होत जाणारा सौदा म्हणता येईल. कल्पना अशी : परदेशी कंपनी येण्याआधी तिचे पारडे जड असते. पैसा तिच्याकडे, तंत्र तिच्याकडे, आणि ती दुसऱ्या देशात जाऊ शकते. सरकार सवलती देते, हमी देते. मग कंपनी पैसा ओतते. एकदा भट्ट्या उभ्या राहिल्या, टाक्या बांधल्या, नळ टाकले की ते उचलून नेता येत नाहीत. इथले अभियंते काम शिकतात. सुरुवातीला जी जोखीम वाटत होती ती मावळते आणि दिसतो फक्त दरवर्षी बाहेर जाणारा नफा. करारातील अक्षरे तीच राहतात, पण ती लिहिताना असलेली परिस्थिती उरत नाही.

मोबाइल बनवणारी किंवा सॉफ्टवेअरची कंपनी या पेचात सहसा अडकत नाही, तिला बस्तान हलवता येते. खाण, तेल, वीज, बंदर, महामार्ग यात पैसा जमिनीत गाडला जातो, म्हणून हे वाद जगभर याच क्षेत्रांत होतात. महाराष्ट्राने दाभोळमध्ये याचाच एक वेगळा अवतार पाहिला. १९९५ मध्ये युती सरकारने एन्रॉनचा करार रद्द केला, थोड्याच महिन्यांत फेरवाटाघाटी करून तो पुन्हा केला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. तिथे मात्र करारामागे राज्य आणि केंद्राची हमी होती आणि पर्यायी, स्वस्त वीज देणारी ‘इंडियन ऑइल’ हाताशी नव्हती. त्यामुळे फेरवाटाघाटी होऊनही महाराष्ट्राचे दुखणे संपले नाही.

१९७३ ने काय बदलले?

१९७१ च्या युद्धात परदेशी कंपन्यांनी लष्कराला इंधन देण्यात खळखळ केली आणि त्यामुळे इंदिरा गांधींनी राष्ट्रीयीकरणाचा निर्णय घेतला, असे नेहमी सांगितले जाते. गोष्ट ऐकायला चांगली आहे, पण तेवढ्याने १९७४ ते १९७७ अशी तीन वर्षे चाललेली खरेदी समजत नाही. त्यासाठी तेलाच्या विहिरींकडे पाहावे लागते.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा जाहीर दर पिंपाला ३ डॉलरवरून जानेवारी १९७४ पर्यंत ११.६५ डॉलरवर गेला. भारताचे आयात बिल एका झटक्यात फुगले. कंपन्यांच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट वेगळीच घडत होती. इराकने १९७२ मध्ये आपल्या तेलक्षेत्राचे राष्ट्रीयीकरण केले होते, लीबिया त्याच वाटेवर होता, आखातातील इतर देश हिस्सा मागत होते. बर्मा शेल काय किंवा एस्सो काय, भारताला त्या देत होत्या ते ‘आमच्या विहिरीतले खात्रीचे तेल’. विहिरीच त्यांच्या राहिल्या नाहीत. इराण, इराकच्या सरकारांशी दिल्ली थेट बोलू शकत होती. मग मध्ये कंपनी कशाला?

याच वेळी १ जानेवारी १९७४ पासून नवा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, लागू झाला आणि बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्याचा तगादा लागला. (कोका-कोला आणि आयबीएम नंतर याच कायद्यावरून बाहेर पडल्या.) देशांतर्गत बाजारात तोवर निम्म्याहून अधिक विक्री इंडियन ऑइलची झाली होती. दरांवर सरकारचे नियंत्रण, विस्ताराला परवानगी नाही, नफ्याला कात्री. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात ‘बॉम्बे हाय’ला तेल लागले.

ताबा प्रत्यक्ष कसा घेतला?

एक एक करून, आणि प्रत्येक वेळी आधी बोलणी, मग संसदेचा कायदा. तिघींना एकत्र अंगावर घेतले नाही, हे महत्त्वाचे.

पहिली एस्सो. मार्च १९७४ च्या कायद्याने सरकारने ७४ टक्के हिस्सा घेतला आणि २६ टक्के एस्सोकडेच राहू दिला. अमेरिकी कंपनी भागीदार म्हणून राहते आहे, याचा अर्थ हे बळकावणे नव्हे, असा संदेश त्यातून गेला. जुलैमध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम हे नाव आले. उरलेला २६ टक्के हिस्सा सरकारने १९७६ मध्ये विकत घेतला.

बर्मा शेलशी बोलणी जास्त लांबली. ऑक्टोबर १९७४ मध्ये पेट्रोलियम मंत्रालय देवकांत बरुआंकडून पुन्हा केशवदेव मालवीय यांच्याकडे आले होते. १९६० मध्ये ज्यांना या कंपन्यांनी नकार दिला होता, तेच आता समोर. आणि लंडनमध्ये काय चालले होते? बर्मा शेलची एक मालक, बर्मा ऑइल, १९७४ च्या अखेरीस कर्जांत बुडाली. बँक ऑफ इंग्लंडने तिला वाचवले, पण तिच्याकडचे ब्रिटिश पेट्रोलियमचे बहुमोल शेअर काढून घेऊन. भारतातील धंदा धरून ठेवण्याची हौस अशा मालकाला कितपत उरली असेल, याचा अंदाज करता येतो. २४ जानेवारी १९७६ रोजी संपूर्ण, शंभर टक्के ताबा सरकारकडे आला. कंपनी आधी ‘भारत रिफायनरीज’ झाली आणि १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम. कॅलटेक्ससाठी १९७७ मध्ये तिसरा कायदा झाला आणि १९७८ मध्ये ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली.

आता तारखा जुळवून पाहा. करार १९५१ चा धरला तर २५ वर्षे १९७६ च्या अखेरीस पुरी होतात, उत्पादनापासून मोजले तर १९८० च्या आसपास. एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा शेल जानेवारी १९७६ मध्ये गेली. कोणत्याही मोजणीने हमीची मुदत शिल्लक होती. पण ती हमी ‘तुमच्या इच्छेविरुद्ध घेणार नाही’ अशी होती, आणि कंपन्या स्वतःच विकायला तयार झाल्या. मुदत संपेपर्यंत थांबले असते तर हातात भाव मागायलाही काही राहिले नसते, हे त्यांना कळत होते.

कायद्याच्या भाषेतही एक खोच होती. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण आधी अध्यादेशाने झाले, फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदल्याच्या मुद्द्यावर तो कायदा रद्द केला आणि सरकारला नवा कायदा आणावा लागला. त्यानंतर २५ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेच्या कलमातील ‘नुकसानभरपाई’ हा शब्द काढून ‘रक्कम’ हा शब्द घातला. म्हणजे कंपन्यांशी बोलणी फिसकटली असती तरी न्यायालयात रकमेवरून लढणे त्यांना पूर्वीपेक्षा अवघड होते. टेबलावर कोणी हा मुद्दा काढला की नाही, याने फरक पडत नाही. दोन्ही बाजूंच्या वकिलांना तो माहीत होता.

मग सरकारला त्या परत विकता का आल्या नाहीत?

वाजपेयी सरकारने २००२-०३ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियममधील हिस्सा विकायचे ठरवले. १६ सप्टेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडवले. या कंपन्या संसदेच्या कायद्याने सरकारी झाल्या आहेत, तो कायदा बदलल्याशिवाय खासगी हाती देता येणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. सत्तरीत कंपन्यांना आश्वस्त करण्यासाठी जी संसदीय वाट धरली, तीच तीस वर्षांनी सरकारच्या पायात आली.

जुने निरुपयोगी कायदे मोडीत काढणारा एक कायदा २०१६ मध्ये झाला. रद्द झालेल्या कायद्यांच्या लांबलचक यादीत बर्मा शेलचा १९७६ चा कायदाही होता. फारशी चर्चा झाली नाही. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने हिंदुस्थान पेट्रोलियममधील ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना ओएनजीसीला विकला, म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत पेट्रोलियममधील ५३.२९ टक्के हिस्सा विकण्यास मंजुरी मिळाली, पण इच्छुक एकेक करून बाजूला झाले आणि मे २०२२ मध्ये ही विक्री मागे घेण्यात आली.

आज असा वाद झाला तर?

१९५१ च्या कंपन्यांकडे करार होता आणि त्यांच्या देशांचे राजकीय वजन होते. आजच्या कंपन्यांकडे आणखी एक हत्यार आहे, दोन देशांमधील गुंतवणूक संरक्षण करार. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीला भारताने पूर्वलक्षी करआकारणी लावली. डिसेंबर २०२० मध्ये हेगच्या लवादाने भारताने १.२ अब्ज डॉलर द्यावेत, असा निकाल दिला. पैसे मिळेनात तेव्हा जुलै २०२१ मध्ये केर्नने पॅरिसमधील भारत सरकारच्या मालकीच्या घरांवर फ्रेंच न्यायालयातून टाच आणवली. पुढच्याच महिन्यात संसदेने पूर्वलक्षी कर मागे घेणारी दुरुस्ती केली आणि २०२२ च्या सुरुवातीला केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत गेले.

अशा निकालांचा अनुभव घेऊन भारताने २०१६ मध्ये नवा नमुना करार तयार केला आणि पन्नासहून अधिक देशांशी असलेले जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. नव्या नमुन्यात परदेशी गुंतवणूकदाराला लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागावी लागते. संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या नव्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आणली आहे. अमिरातीतून येणारा पैसा पाहता ही सवलत का दिली, हे सांगायला नको.

याच अमिरातीची ‘अॅडनॉक’ आणि सौदी अरेबियाची ‘अराम्को’ यांनी २०१८ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील नियोजित ६० दशलक्ष टनांच्या प्रकल्पात एकत्रितपणे निम्म्या हिश्शासाठी सामंजस्य करार केले. टेबलाच्या भारतीय बाजूला इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम होत्या, म्हणजे एकेकाळची बर्मा शेल आणि एस्सो आता यजमान देशाच्या बाजूने बसल्या. नाणार इथल्या भूसंपादनाची अधिसूचना विरोधामुळे मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. पर्यायी जागा म्हणून पुढे आलेल्या बारसूत एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी गावकरी रस्त्यावर उतरले. हिस्सा किती आणि कच्चे तेल कोणाचे, हा सौदा शिळा होण्याइतका पुढे गेलाच नाही, कारण जमीनच मिळालेली नाही. आणि त्या टेबलावर कोकणातील गावांना खुर्ची नव्हती.